गेटपर्यंतची गाडी

आमच्या धायरीच्या सोसायटीचे सेक्रेटरी आयटीत होते. त्यांचं नाव सांगत नाही, कारण नोटिसा अजून तेच काढतात. कुठूनतरी स्वस्तात मिळालेली, टेम्पोवर घालून आणलेली दोन सीटची जुनी लाल स्पोर्ट्स कार ते दर रविवारी पार्किंगमध्ये दुरुस्त करत. आम्हाला दिसायचे ते फक्त गाडीखालून बाहेर आलेले पाय. कोणी "कधी चालू होणार?" असं विचारलं, की पाय आणखी आत जात.

तीन वर्षांनी गाडी चालू झाली. अख्खी सोसायटी टाळ्या वाजवत गेटपर्यंत मागोमाग गेली. तिथल्या स्पीडब्रेकरवर गाडीचं पोट टेकलं आणि ती अडकली. पोरं बाइक जोरात आणतात म्हणून हा ब्रेकर सेक्रेटरींनीच मीटिंगमध्ये भांडून एवढा उंच करून घेतला होता.

"फोडून टाकू या का?" मी विचारलं.

त्यांनी खाली उतरून ब्रेकर नीट पाहिला. "अहो, ठराव मंजूर आहे. मागे ढकला."

आम्ही ढकलली. पुढच्या रविवारी पाय पुन्हा गाडीखाली होते. मी मुद्दाम काही विचारलं नाही. तेव्हा तीन वर्षांत पहिल्यांदाच पाय आपणहून बोलले, "गाडी चार इंच वर घेतोय. ठराव बदलण्यापेक्षा लवकर होईल."