अर्धी बंदूक

बँकेच्या दारावरचे दुनळीकाका बावीस वर्षं आपली परवान्याची बंदूक खांद्याला लावून पायी कामावर जात. परवा चौकीवर नोटीस लागली : परवाना असला तरी रस्त्यात उघडी बंदूक दिसली की अटक.

"झाकून नेली तर?" काकांनी हवालदाराला विचारलं.

"खुशाल न्या."

"तसं लिहून द्या."

"अहो काका, लिहून कशाला?"

झालं! काकांच्या मनात पाल चुकचुकली. लिहून देत नाही, म्हणजे उद्या हाच धरणार. आणि बंदूक नाही नेली, तर नोकरी गेलीच.

सकाळी त्यांनी बंदूक खोलली. नळ्या चटईत गुंडाळून स्वतःच्या काखेत मारल्या, दस्ता काकूंच्या पिशवीत घातला.

"अर्धी बंदूक म्हणजे बंदूक नव्हे," ते कुजबुजले. "तू दहा पावलं मागून ये. पकडलं तर आपली ओळख नाही."

"तीस वर्षांत पहिल्यांदा कामाचं बोललात," काकू म्हणाल्या.

नाक्यावर नेमका तोच हवालदार! "काय काका, आज काकूपण ड्युटीवर?"

काकांनी चटई काखेत घट्ट दाबली. "कोण काकू?"

हवालदार हसू दाबत मागे वळला. "काकू, दस्ता बाहेर डोकावतोय. आत ढकला, साहेब येतायत."

काकूंनी तो आत ढकलला. बँकेत पोचल्यावर काकांनी बंदूक जोडली आणि दारावर उभे राहिले.

"सुटलो एकदाचे," काकू म्हणाल्या.

"सुटलो कसले? सोडलं त्याने," काका डोळे बारीक करून म्हणाले. "का सोडलं? संध्याकाळी मागच्या गल्लीने ये."