ग्रहणात न मोडलेली काडी

हट्टा गावच्या शकुबाईनं ग्रहणात काहीतरी कापलं होतं, हे साऱ्या गावाला ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते फक्त शकुबाईला.

पोटुशी बाई ग्रहणात काही कापेल-चिरेल, तर लेकराचा ओठ चिरलेला निघतो, हे शास्त्र. अन् शकूच्या पोराचा, उकंड्याचा ओठ तर थेट नाकापर्यंत चिरलेला. मग झालं की! ओठ दिसला, गुन्हा ठरला, पंचनामा कशाला हवा?

"भाजी चिरली असशील," गावातल्या आयाबाया म्हणायच्या.

"न्हाई मावशी."

"दातानं दोरा तोडला असशील."

"न्हाई वो."

"मंग इसरली असशील!"

आता या 'इसरली असशील'ला माणसानं उत्तर काय द्यावं, सांगा!

खरं तर त्या दिवशी ती अंधाऱ्या खोलीत सरळ पडून होती. सोबत शेजारच्या मकबूल पिंजाऱ्याची बायको हलीमा, तीही पोटुशी. तिच्या छपरातून ऊन यायचं, म्हणून शकूच्या सासूनं, मंजुळाबाईनंच तिला आत घेतलं अन् स्वतः दाराबाहेर राखणीला बसली. म्हातारी वाईट नव्हती हो. पण आत हलीमाला तलफ आवरेना. चंचीतली सुपारी काढली अन् अडकित्त्यानं कातरली. कातरल्यावर भान आलं.

"शकू, तुला माझी आण, कुणाला सांगू नको. माझी सास माझं चामडं सोलंल!"

हलीमाला शहनाज झाली, ओठ अख्खे, गोजिरे. शकूला उकंडा झाला. त्याला अंगावर पिता येईना, तेव्हा हलीमा रोज मऊ पिंजलेला कापूस आणून द्यायची अन् शकू बोळ्यानं थेंब थेंब दूध पाजायची. पोरगं जगलं ते त्या कापसावर. अशा बाईचं नाव कोणत्या तोंडानं घ्यायचं? शकू मूग गिळून बसली.

पण जीव तरसायचा तिचा. एकदा, एकदाच कुणीतरी सासूसमोर म्हणावं, हिनं काही केलं न्हाई. वर्षं सरली तशी तिला स्वतःचीच खात्री वाटेना. चुलीशी बसल्या बसल्या तो दिवस चाचपायची: खरंच न्हाई ना कापलं म्या?

मिसरूड फुटायच्या वयात उकंड्यानंच विचारलं, "माय, काहून कापलंस गं?"

तव्यावरची भाकर करपली. हलीमाला गाठावं, आण सोडव म्हणून पाय धरावेत, असं रोज मनात यायचं.

तिचा हिय्या होईतो अठ्ठेचाळीस सालची पोलीस अ‍ॅक्शन झाली, निजामाचं राज्य गेलं, अन् भेदरलेल्या मकबूलनं बिऱ्हाड गाडीत भरलं. शकू फडक्यात भाकरी बांधून धावली. मागोमाग सासू अन् उकंडा. हलीमा गेली की साक्ष गेली, अन् मैत्रीणही गेली. यातल्या कशासाठी रडू येतंय, तेही तिला कळेना.

हलीमा गाडीत चढली. उकंड्याच्या ओठाकडं तिची नजर गेली, अन् ती पुन्हा खाली उतरली.

"मावशी," ती मंजुळाबाईला म्हणाली, "गिराणात सुपारी म्या कातरली व्हती. शकूनं गवताची काडी बी मोडली न्हाई. माझ्यापायी गप बसली ती."

म्हातारी थबकली. पण सुंभ जळाला तरी पीळ जातो का?

"मंग तुझंच पाप आमच्या लेकराला बाधलं!"

"तसं तर तसं," हलीमा म्हणाली. "पर शकूवरचं उतरवा." शकूच्या गळ्यात पडून ती रडली, अन् गाडी निघाली.

वाट रिकामी झाली तरी शकू बांधावर बसून होती. उकंडा जवळ आला.

"माय, तू न्हाई कापलंस."

"न्हाई रे राजा."

"अन् हलीमाखालानं कापलं, तरी शहनाज चांगली."

"व्हय."

"मंग माझंच असं काहून झालं?"

शकूनं तोंड उघडलं. त्यांच्या घरात प्रत्येक 'काहून'ला उत्तर तयार असायचं, अन् त्या उत्तरांखालीच ती इतकी वर्षं पिचली होती.

"ठाऊक न्हाई रे बाबा," ती म्हणाली. "मला ठाऊक न्हाई, अन् गावात कुणालाच ठाऊक न्हाई."

पोरगं जवळ सरकलं. मग खाली बसलं अन् बोळ्यानं दूध पिताना ठेवायचं तसं डोकं त्यानं तिच्या मांडीवर ठेवलं.