धुरीच्या खोलीतली डबी

लेक बाळंतपणाला आली, तेव्हा जावयाने तिच्या खोलीत एक पांढरी डबी बसवली. कोळशाचा विषारी वायू दिसत नाही, त्याला वासही नसतो. तो साठला की ही डबी ओरडते. बाळ झाल्यावर त्याला न्हाऊ घालायला येणाऱ्या सखूमावशी डबीकडे बघून हसल्या, "रडायला घरात एक आहे की!" मग खिडक्या लावून त्यांनी धुरीची शेगडी आत आणली.

थोड्या वेळाने डबी किंचाळली. बाळ मात्र गाढ झोपलेलं. मायलेकरांना आम्ही बाहेर आणलं, खिडक्या सताड उघडल्या. वारा लागू नये म्हणून दारं लावणं म्हणजेच माया, असं मी आजवर समजत होतो.

दुसऱ्या दिवशी शेगडी अंगणातच राहिली. बाळाची दृष्ट काढून मावशी मीठमोहरीची मूठ घेऊन डबीसमोर उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "हिचीही काढते. काल बाळाच्या वाटचं हीच रडली."