समोरची खुर्ची

"दूसरी कुर्सी लाओ, पंडित," मादाम म्हणाल्या.

मी दाराकडे पाहिलं. गिऱ्हाईक नव्हतं, येणारही नव्हतं. छावणीतलं मादामचं छोटंसं फ्रेंच हॉटेल त्या दुपारी कायमचं बंद होत होतं. लढाई सुरू झाल्यापासून फ्रान्सहून वाइन येईना, आणि वाइनशिवाय आमच्याकडे जेवायला येतंय कोण!

मी तिथला बटलर. मासळीबरोबर पांढरी वाइन, मटणाबरोबर लाल. याला पेअरिंग म्हणतात, म्हणजे ताटात काय आहे ते बघून पेला भरायचा. मी स्वतः कधी थेंबही चाखला नाही. अहिल्याबाई घाटावरच्या भिक्षुकाचा मुलगा मी. नोकरी धरली तेव्हा आईने बजावलं होतं, तिथलं शिजवलेलं खाल्लंस तर हे घर तुला बंद. ते पाळलं, तरी माझं पान ओसरीतच. कामावरून आलो की गंगेत बुडी मारायची आणि ओसरीत एकट्याने जेवायचं. आत वडील, भाऊ जेवत. त्यांचं हसणं ऐकू येई. फार एकटं वाटे.

मादामचे यजमान इथेच वारले. गिऱ्हाइकं गेली की त्याही कोपऱ्यातल्या टेबलावर एकट्या जेवत. त्यांनी मला शिकवलेला पहिला नियम असा, की एकटं गिऱ्हाईक आलं तर समोरची खुर्ची उचलून न्यायची. रिकामी खुर्ची दिसली की माणूस अर्ध्या जेवणावरून उठतो. त्यांच्या समोरची खुर्चीही रोज मीच उचलत असे. आज त्यांनी ती परत मागितली होती.

मी खुर्ची आणली. त्या म्हणाल्या, "बैठो. आज मेरे साथ खाओ."

मी हात जोडले. "मेमसाब, मेरा घर छूट जाएगा."

"मालूम है. पहले देखो तो."

टेबलावरचा कपडा काढलेला होता, कारण कपड्याला विटाळ लागतो. माझ्या बाजूला अख्खे पेरू आणि केळी. कापलेलं, शिजवलेलं काही नाही.

"लोटा बाहर है," त्या म्हणाल्या. "बगल के बँगलेवाले मिसिरजी ब्राह्मण हैं, वही घाट से गंगाजल भर लाए. मैंने छुआ नहीं."

हे सगळं त्यांनी कुणाला विचारलं असेल, देव जाणे. माझे डोळे भरून आले. लोटा घेऊन मी आलो, त्यांच्या पेल्यात शेवटची लाल वाइन ओतली आणि बसलो. त्यांच्याकडे पाव आणि चीज.

त्यांनी लोट्याकडे बोट दाखवलं. "किस साल का?" वाइन किती जुनी, हे गिऱ्हाइकं असंच विचारत.

"आज सवेरे का, मेमसाब."

मादाम खो-खो हसल्या. मीही हसलो. जेवताना कुणाबरोबर हसलो, त्याला किती काळ लोटला होता!

दुसऱ्या दिवशी त्या गाडीने निघून गेल्या.

मादामबरोबर जेवलो त्या संध्याकाळी बुडी मारून मी नेहमीसारखा ओसरीत बसलो होतो. आईने भात वाढला. मी दोन घासांत थांबलो.

"काय रे, तबियत ठीक नाही का? तिथे काही खाल्लंस?"

"पेरू खाल्ला. समोर कुणीतरी बसलं होतं, आई."

तिने हातातलं भांडं खाली ठेवलं. क्षणभर वाटलं, समोर बसते. पण आतून वडिलांनी ताक मागितलं, आणि ती गेली.

पुढे बऱ्याच हॉटेलांत नोकऱ्या केल्या. एकटं गिऱ्हाईक आलं की खुर्ची उचलण्याचा नियम सगळीकडे उपयोगी पडला. घरी तेवढा चालला नाही. ओसरीत माझा एकच पाट असे. समोरून उचलून न्यायला काही नव्हतंच.