पाठवणीचं पाणी

माझ्या तोंडावर देवीचे वण आहेत. आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी उगाच दबकत वाचायला नको. कपाळावर आहेत, गालांवर आहेत, नाकाच्या शेंड्यालासुद्धा सोडलेलं नाही. सहा वर्षांची होते तेव्हा देवी आल्या. धाकटा भाऊ त्यातच गेला, मी वाचले. लहानपणी कुणी या वणांवरून बोललं की मी सरळ अंगावर धावून जायची. एकीला तर वेणी धरून विहिरीपाशी चिखलात लोळवलं होतं. मोठी झाले तसं लोकांनी तोंडावर बोलणं सोडलं, पण स्थळं यायची, सुपारी तोंडात टाकायची आणि जायची.

शेवटी ज्यानं होकार दिला तो निघाला देवी डॉक्टर! आता काय म्हणावं या नशिबाला. डॉक्टर आपला नुसता म्हणायला. खेड्यापाड्यांतून फिरून पोरांच्या दंडावर देवीची लस टोचणारा सरकारी माणूस, त्याला आमच्याकडे सगळे देवी डॉक्टर म्हणत. मला पाहायला आले तेव्हा त्यांनी माझ्या तोंडाकडे नीट निरखून पाहिलं आणि माझ्या वडिलांच्या देखत विचारलं, "लहानपणी टोचलं नव्हतं?"

"टोचलं होतं," मी फणकाऱ्यानं म्हटलं.

"मग उठलं नसेल," ते म्हणाले. एवढंच आमचं बोलणं, आणि लग्न ठरलं.

देशाला स्वातंत्र्य मिळून आठ-दहा वर्षं झाली होती. आमची नेमणूक चांदा जिल्ह्यात, पोंभुर्ण्याच्या पुढे जंगलातल्या एका गावी झाली. आजूबाजूची पंधरा-वीस गावं यांच्याकडे. पाटलाच्या गोठ्याला लागून एक खोली मिळाली होती. समोर बोडी, म्हणजे धानाला पाणी देणारं लहानसं तळं, आणि तिच्या पलीकडे गावाच्या शिवेवर मातामायचं ठाणं. निंबाखाली शेंदूर फासलेले चार दगड. गावाला देवीपासून सांभाळणारी ती.

शेजारी गावची सुईण राहायची. सत्तरीची म्हातारी, पण कणा ताठ. गावातलं निम्मं माणूस तिच्या हातून जन्मलेलं, त्यामुळे तिचा शब्द पाटलाच्या शब्दापेक्षा वरचढ. घरात तिचा मुलगा, सून आणि आठ महिन्यांची नात. मला तेव्हा मूल नव्हतं. सून धान कांडायला बसली की ती पोर माझ्या मांडीवर. तिला एक खेळ सापडला होता. माझ्या गालावरच्या एकेका वणात बोट खुपसायचं आणि खिदळायचं. दुसऱ्या कुणी केलं असतं तर मी त्याचं बोट मोडलं असतं! या पोरीपुढे मात्र मी गाल पुढे करून बसायची.

यांच्या कामाची रीत अशी होती. चांद्याहून लसीच्या काचेच्या बारीक नळ्या यायच्या. ऊन लागलं की लस मरते, म्हणून ओल्या फडक्यात गुंडाळून, मडक्यात घालून, ते मडकं सायकलला बांधून हे आणायचे. पोराच्या दंडावर लसीचा थेंब ठेवायचा आणि चिमटीत धरलेली दातेरी चकती त्यावर फिरवायची. आठव्या दिवशी परत जाऊन पाहायचं. तिथे फोड आला असला तर लस उठली, पोर सुटलं. दंड कोरा असला तर सगळं वाया.

दुसऱ्या गावांत देवी डॉक्टर आला म्हटलं की बाया पोरं घेऊन जंगलात पळायच्या. आमचं गाव मात्र भलतंच शहाणं. यांना खाट टाकून द्यायचे, दूध द्यायचे, पोरं ओळीनं बसवायचे. आणि आठव्या दिवशी पाहावं तर सगळे दंड कोरे! एकदा झालं, दोनदा झालं, तिसऱ्यांदाही तेच. वरचे साहेब यांच्यावर खेकसले, "टोचता की नुसते फिरून येता?" यांनी घरी येऊन मडक्याला आणखी एक ओलं फडकं गुंडाळलं. यांना वाटायचं, आपल्याच हातून लस मरते. माणूस खंगत चालला होता आणि मला त्या लसीचाच राग यायला लागला होता.

माघात बातमी आली, वैनगंगेपलीकडच्या गावात देवी आल्या, पोरं पडताहेत. नदीला पाणी कमी, रोजची येजा. डोळ्यांसमोर एकच तोंड, त्या पोरीचं. ती आता वाचेल की नाही, आणि वाचली तरी माझ्यासारखी दिसेल का, याखेरीज दुसरं काही सुचेना. हे रातोरात उठून चांद्याला गेले नाहीत एवढंच. पहाटेच निघाले आणि तिसऱ्या दिवशी नव्या नळ्या घेऊन आले. निम्म्या आमच्या गावाला, निम्म्या पुढच्या गावाला. त्याच सकाळी चिंचेखाली टोचणं झालं. सुईणीची नात माझ्याच मांडीवर बसून टोचून घेऊन, बोंब मारून घरी गेली.

दुपारी मी शेजारचं सूप परत द्यायला मागच्या अंगणात गेले. पाहते तर म्हातारी पाटावर बसलेली, मांडीवर नात, पुढ्यात निंबाचा पाला उकळलेलं भगुनं. ती पोरीचा दंड त्या पाण्यानं धूत होती, वरून राख चोळत होती. आणि मागे चार बाया आपापली पोरं कडेवर घेऊन नंबर लावून उभ्या!

त्या निंबाच्या वासानं मी जागच्या जागी थांबले. हाच वास, असंच अंगण, आणि माझा दंड धरून चोळणारा माझ्या आजीचा हात. भाऊ तिच्या दुसऱ्या मांडीवर. इतकी वर्षं हे माझ्या डोक्यात कुठे दडून बसलं होतं कोण जाणे.

"माय, काय करून राह्यल्या हे?" मी विचारलं.

"पाठवणी करून राह्यलो, बाई," म्हातारी शांतपणे म्हणाली. "डॉक्टरभाऊ सरकारचा माणूस, भला माणूस. त्याले नाई म्हणणं बरं नाई. पण त्यानं लेकराच्या अंगात माय घातली न, तिले वापस धाडा लागते. नाई तं लेकराले भोगा लागते."

आमच्याकडे घरात देवी आली की ती नऊ दिवसांची पाहुणी. तोवर घरात फोडणी नाही, पायात वहाण नाही, केसाला कात्री नाही. ती निघाली की पोराला निंबाच्या पाण्यानं न्हाऊ घालायचं आणि मातामायला दहीभात न्यायचा. ते पाठवणीचं पाणी. म्हातारीनं सरळ हिशेब केला होता, पाहुणी नकोच तर पाठवणी आधीच उरकून टाकावी.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. काय बोलते आहे हे मलाही कळत नव्हतं.

"पाठवणीचं पाणी कधी घालते हो, माय? पाहुणी राहून निघाली म्हणजे, का उंबऱ्यावरच? दारी आलेल्या बाईले बस म्हटलं नाई, पाणी पुसलं नाई, अन् वरून चालती हो म्हणता? तिले राग नाई येणार? मंग ती पुन्हा येते, रागानं येते! अन् आल्यावर काय करते ते पाहाचं आहे? हे पाहा!" असं म्हणून मी माझं तोंड तिच्या तोंडापुढे नेलं. जन्मात पहिल्यांदा मी ते आपणहून कुणाला दाखवत होते. "माह्या आजीनं बी असंच धुतलं होतं. माह्यं अन् माह्या भावाचं."

म्हातारीचा राख चोळणारा हात थांबला.

"अन् भाऊ?" तिनं हळूच विचारलं.

"गेला."

पोरीला आमच्या भांडणाचं काय! तिनं सवयीनं माझ्या गालात बोट खुपसलं. मग मात्र मला रडू आवरलं नाही. मी तिथेच मातीत बसून हंबरडा फोडला.

"माह्यानंच चूक झाली वं," म्हातारी म्हणाली. तिनं भगुनं उचललं आणि सगळं पाणी केळीच्या बुडाशी ओतलं. "डॉक्टरभाऊले सांग, पुन्हा टोचा म्हना. आज कोणीच धुवत नाई."

घरी येऊन मी सगळं सांगितलं तर हे माझ्यावरच उखडले. "अगं, यात देवी कुठे आहे? ही लस आहे. तू खोटं सांगितलंस."

"खोटं काय? फोड येणार ना? अंग तापणार ना? आठ-नऊ दिवसांनी उतरणार ना?"

"उतरणार."

"मग?"

त्यांनी पुढच्या गावासाठी ठेवलेल्या नळ्या बाहेर काढल्या. त्या गावासाठी परत चांद्याला जावं लागणार होतं, सायकलीनं.

दुसऱ्या दिवसापासून अख्ख्या गावात फोडणी बंद. दारोदारी निंबाच्या डहाळ्या. न्हावी आला तसाच परत गेला. आणि गंमत म्हणजे आमचे हेसुद्धा सुटले नाहीत. चपला शिवेवर काढून गावात यायचं आणि बिनफोडणीचं वरण गिळायचं. लसणाच्या फोडणीशिवाय ज्याचा घास उतरत नाही तो माणूस! मी पदर तोंडाला लावून हसायची. म्हातारी काठी घेऊन बोडीच्या काठावर बसायची. कुणी पोराचा दंड ओला केला तर खबरदार.

पाचव्या दिवशी पोरीचं अंग तापलं. ती दूध घेईना. सून माझ्याकडे अशी पाहायची की माझा जीव अर्धा व्हायचा. हिला काही झालं तर मी या गावाला तोंड कसं दाखवू, असं मनात आलं, आणि त्यातही मला माझ्या तोंडाचं हसू आलं. हे म्हणत, ताप यायलाच हवा. म्हणणं सोपं असतं! मी दिवसभर तिथेच बसून राहिले.

आठव्या दिवशी हे दंड पाहायला बसले. पहिली तीच. चिंचोक्याएवढा फोड, मध्ये खळगा, भोवती लाल कडं. दुसऱ्या पोराचा तसाच, तिसऱ्याचा तसाच. हे उठून चिंचेमागे गेले. मला वाटलं तंबाखू खायला गेले असतील. जाऊन पाहिलं तर डोळे पुसत होते.

नवव्या दिवशी पोरांना निंबाच्या पाण्यानं न्हाऊ घातलं. आपल्या नातीवर पाणी घालायचा मान म्हातारीनं मला दिला. वाजतगाजत दहीभात मातामायला गेला, आणि संध्याकाळी घराघरांतून लसणाच्या फोडणीचा वास सुटला. त्या वर्षी देवी नदी ओलांडून अलीकडे आल्या, पण आमच्या गावातलं एकही लेकरू पडलं नाही. आसपासच्या गावांत मग म्हातारी स्वतः यांच्याबरोबर जायची, काठी घेऊनच.

पुढे बदल्या झाल्या, मुलं झाली, हे पेन्शनीत निघाले. पंचवीसेक वर्षांनी एक दिवस चंद्रपूरच्या, म्हणजे पूर्वीच्या चांद्याच्या, आमच्या घरी ती पोर आली, आता चांगली संसारी बाई होऊन. तोंड कसं नितळ! दंडावर तेवढा तो चिंचोक्याएवढा वण. बरोबर तिची चार वर्षांची लेक. ती तरातरा माझ्या मांडीवर चढली, माझ्याकडे टक लावून पाहिलं, आणि गालात बोट खुपसून म्हणाली, "आजी, तुह्या तोंडाले काय झालं?"

"चूप बस!" आईनं हात उगारला. मग ओशाळून मला म्हणाली, "राग नका मानू जी. तिनं असं कुठी पाह्यलंच नाई."

मी तिचा उगारलेला हात धरला. कुठे पाहिलंच नाही! मला हसू फुटलं आणि डोळ्यांतून पाणीही. इतका आनंद मला माझ्या लग्नातसुद्धा झाला नव्हता.

"एक पाहुणी आली होती वं," मी त्या चिमुरडीला म्हटलं.

"मंग आता कधी येते?"

मी काही बोलायच्या आत खुर्चीतून यांनी उत्तर दिलं. यात देवी कुठे आहे म्हणून माझ्याशी भांडलेला तोच माणूस.

"आता नाही येत ती," ते म्हणाले. "तुझ्या पणजीनं तिची नीट पाठवणी केली."