वाळ्याचं जाकीट

जुन्या जालन्यात राधाकिसनच्या कूलरइतका आवाज कुणाच्याच कूलरचा नव्हता, आणि खुद्द राधाकिसनइतका तर त्या कूलरचाही नव्हता. पत्रा ठोकता ठोकता तो गिऱ्हाइकाला दम भरायचा, "पावसाळ्यात पाणी बंद! नुसता पंखा चालवा. न्हाईतर खोली चिकचिक करंल, मंग माझ्या नावानं बोंबलू नका."

एवढं सांगणारा हा गडी ऐन वेळी स्वतःचंच बोलणं विसरला.

त्याची धाकटी बहीण बेबीनंदा लांब पल्ल्याच्या शर्यती पळायची. आमच्या कोरड्या उन्हात ती अंबड रस्त्यानं पळून येई आणि लगेच भाकरी थापायला बसे. पण कोकणातल्या दमट हवेत दोनदा ती चक्कर येऊन पडली होती. शहाण्णव साली रत्नागिरीची शर्यत ठरली, तेव्हा संघाच्या मास्तरांनी स्पष्ट सांगितलं, "यंदा पडलीस तर संघातून नाव कट." नंबर राहू द्या, पोरीला नुसतं स्वतःच्या पायांवर शेवटपर्यंत पोचायचं होतं.

राधाकिसननं तिच्यासाठी अंगात घालायचा कूलरच बनवला. शेजारच्याच माझ्या कापडदुकानातलं मांजरपाट (अर्थात फुकट), दोन पदरांमध्ये कूलरचा वाळा आणि वरून गोधडीसारखे टाके. भिजवायचं आणि घालून पळायचं. एप्रिलात ते घालून ती पळून आली.

"पाठीला टोचतं दादा, पण बिलकुल गार वाटून राह्यलं."

झालं! त्यानंतर कितीतरी दिवस राधाकिसनचे पाय जमिनीला लागत नव्हते.

ऑक्टोबरात आम्ही तिघं रत्नागिरीला गेलो. समुद्राच्या कडेनं जाऊन त्याच रस्त्यानं परत यायचं होतं. आम्ही दोघं मासळीबाजारापाशी उभे राहिलो. राधाकिसनच्या घरात अंडंसुद्धा चालत नसे, त्यामुळे त्यानं टॉवेल नाकाला घट्ट बांधलेला. बेबीनंदा आली ती लालबुंद होऊन, झोकांड्या खात. जाकीट गच्च ओलं, सुकायचं नाव नाही. हा बादली घेऊन तिच्यावर आणखी पाणी ओतायला धावला. तिनं जाकीट काढून त्याच्या छातीवर फेकलं.

"दादा, पाणी बंद कर!"

आणि ती तशीच पुढे गेली.

राधाकिसन बादली धरून उभा. "दमट हवेत पाणी बंद, मीच सांगतो की रे लोकांला," तो पुटपुटला. "पोरीला उकडून काढलं मी." एरवी त्याची थट्टा केल्याशिवाय मला चैन पडत नाही, पण तेव्हा मी नुसती त्याच्या हातातली बादली काढून घेतली.

त्यानं एकदम नाकावरचा टॉवेल ओढून काढला आणि सरळ मासळीवालीपुढे जाऊन उभा राहिला.

"मावशी, बर्फ द्या. जल्दी."

ती काही म्हणायच्या आत यानं टोपलीत हात घातला, मासे बाजूला सारून मूठमूठ बर्फ टॉवेलात भरला. बेबीनंदा परत फिरून आली तेव्हा त्यानं ती गुंडाळी तिच्या मानेभोवती बांधली. तिनं दोन्ही हातांनी ती गळ्याशी दाबून धरली आणि पळत राहिली.

कितवी आली ते मला आठवत नाही. शेवटच्या रेषेपलीकडे ती उभी होती, आणि आम्ही दोघं भर रस्त्यात रडत होतो.

जालन्याला पोचलो तर त्यांची आई सोनूबाई दारातच. "कशाचा वास यून राह्यला?"

मी काहीतरी थाप मारणार, तोच राधाकिसननं टॉवेल पुढे केला. "मासळीतला बर्फ व्हता, माय. त्याच्यानं पोरगी पडली न्हाई."

सोनूबाईंनी लेकीकडे नीट पाहून घेतलं. मग टॉवेल हातात घेतला आणि मोरीत जाऊन धुवायला बसल्या.

"पुढच्या बारीला दोन टॉवेल ने," त्या आतूनच म्हणाल्या. "एवढासा बर्फ किती येळ पुरंल?"