कुलूप म्हणजे बाहेरगावी

शरयूकाकू गेल्याचा फोन आला तेव्हा मी जपानात, कावासाकी स्टेशनच्या फलाटावर उभी होते. फोन हामादा-आजींचा, काकूंच्या शेजारणीचा. ही म्हातारी फोनवर नेहमी होडीतून हाका मारल्यासारखी बोलते. त्या दिवशी मला दुसरा कान हाताने झाकून ऐकावं लागलं. "सकाळी गेले होते गं... कुलूप होतं. म्हटलं, बोटीनं शहरात गेली असेल. पिशवी कडीला अडकवली आणि आले परत." एवढंच ती पुन्हा पुन्हा सांगत होती. काकू घरातच होत्या, कुलूप आतून लागलेलं होतं. दुसऱ्या दिवशीही पिशवी तशीच लटकलेली दिसली, तेव्हा आजींनी आरडाओरडा करून माणसं जमवली.

बेटाचं नाव मी लिहिणार नाही. आधीच पुष्कळांनी लिहिलंय. २०११चा भूकंप झाला तेव्हा काका-काकू टोकियोजवळ ग्योतोकुला, समुद्र बुजवून केलेल्या वस्तीत राहत होते. इमारत टिकली, पण भरावाच्या जमिनीवरचा काकूंचा विश्वास कायमचा उडाला. काका टोकियोच्या बँकेतून निवृत्त होताच दोघांनी जपानच्या मोठ्या बेटांमधल्या आतल्या समुद्रातल्या या लहानशा बेटावर एक रिकामं घर भाड्याने घेतलं. मालक ओसाकाला. काकूंनी त्याला एकच प्रश्न विचारला होता, "खाली खडक आहे ना?" पुढे काका गेले, तरी काकू तिथेच राहिल्या.

मी तेव्हा समुद्री शेवाळावर पीएचडी करत होते. काकू माझ्या नात्यातल्या नव्हेत; नमुने गोळा करायला त्या बेटावर जायचे तेव्हा वरची खोली द्यायच्या, तेवढीच ओळख. आमच्या घरात कॉलेज पाहिलेली मी पहिली, वडील अजून अलिबागच्या बाजूला मासे मारतात. हे मी कुठेही पहिल्याच दिवशी सांगून टाकते, म्हणजे मागून कुणी कुजबुजायला नको. काकू सदाशिव पेठेतल्या. ऐकून म्हणाल्या, "देवच पावला. आता मासे तू साफ करायचे." कारण बेटावरची रीत अशी होती की दाराला कुलूप नाही. शेजारी दार सरकवतात, चपला काढायच्या जागेत उभं राहून हाक मारतात, आणि घरात कुणी नसलं तर वस्तू ठेवून जातात. मुळा, संत्री, कधी जिवंत मासा. नाव-गाव काही नाही. पिशवीच्या गाठीवरून काकू ओळखायच्या: आजींची गाठ दुहेरी आणि वर ससोबाचे दोन कान. परतफेडीला काकू शेंगदाण्याचे लाडू ठेवायच्या, आणि आजी दात नसतानाही ते संपवायच्या.

हे सगळं गोड म्हणून सांगत नाहीये. एकट्या राहणाऱ्या, हृदयाची गोळी घेणाऱ्या बाईसाठी रोज सकाळी दार सरकवून येणारी शेजारीण हाच दवाखाना होता. आणि दाराला कुलूप दिसलं तर त्याचा अर्थ एकच, माणूस समुद्रापलीकडे गेलंय.

मग टीव्हीवाले आले. बंद पडलेल्या बर्फाच्या कारखान्यात कॉफीचं दुकान निघालं. एका कंपनीने रिकामी घरं घेऊन त्यांत पाहुणे ठेवायला सुरुवात केली, दोन घरं 'जुनं बेट' म्हणून बघायला उघडी ठेवली. आता बघणाऱ्याला कसं कळावं, कुठलं घर बघायचं आणि कुठल्या घरात माणूस राहतं? एकदा काकू पोळ्या लाटत होत्या आणि टोकियोची एक मुलगी बूट नीट जुळवून ठेवून थेट स्वयंपाकघरात आली. पोळपाटाचे फोटो काढले. मग तव्याकडे बोट दाखवून फार अदबीने विचारलं, "हे कोणत्या काळातलं?" काकू म्हणाल्या, "आज सकाळचं." आणि तिला तूप लावून एक वाढली.

हसण्यावारी नेलं, पण असं वारंवार व्हायला लागलं. आंघोळीहून बाहेर यावं तर अंगणात कॅमेरा. तेव्हा कंपनीचे निशिदा-सान, म्हणजे निशिदासाहेब, प्रत्येक घरी आले. वाकून माफी मागितली, आणि सणाच्या भेटीसारखं रंगीत कागदात गुंडाळलेलं एकेक कुलूप दिलं. वर दारात बसवूनही दिलं, आतून-बाहेरून दोन्हीकडून लागणारं. माणूस इतका नम्र की मला पहिल्याच नमस्काराला शंका आली.

मी म्हटलं, "काकू, फुकट कुणी काही देत नाही. आमच्याकडे रिसॉर्टवाल्यांनी आधी देवळाला रंग लावून दिला. मग समुद्रावर जायची वाट कुंपणात गेली."

"दर्शे, तुला देवाने प्रसाद दिला तरी तू उलटा करून बघशील."

"बघीनच. आजींना किल्ली तरी दिलीत का?"

"दिली की. भिंतीला टांगून ठेवलीय. वापरत नाही. म्हणते, कुलूप लावलेल्या घरात शिरायला मी काय चोर आहे?" मग म्हणाल्या, "आता सकाळी आधी कुलूप काढते, मग गॅस पेटवते. तिला दार उघडं मिळायला हवं..."

त्या सकाळी ते काढायचं राहिलं.

डॉक्टर म्हणाले, झोपेतच गेल्या, काही करता आलं नसतं. मला ते पटलेलं नाही. सगळ्यांना बरं वाटावं अशी उत्तरं मला नेहमीच खोटी वाटतात. अंथरूण गुंडाळलेलं होतं. झोपेत गेलेली बाई अंथरूण गुंडाळते? हे मी सगळ्यांसमोर विचारलं. आजी तर माझ्याकडे बघेचनात, म्हणून मग मी तो विषय सोडला.

दिवस झाल्यावर सामान आवरायला गेले, तर निशिदा-सान हजर. घरमालकाशी बोलणं झालं होतं. पाहुण्यांसाठी घर तसंच ठेवणार, पोळपाटासकट. मोठ्या आदराने त्यांनी मला सांगितलं, "आणि दाराला कुलूप नसेल. पाहुण्यांना जुन्या बेटाचा अनुभव यायला हवा." मुद्दाम केलं असं मी म्हणत नाही. या माणसाच्या मनात पाप नसेलही. पण कुलूप लावलं त्यांनी, आता काढणारही तेच, आणि मधल्या काळात आत कोण होतं?

पोळपाट मी बॅगेत भरला. त्यांना विचारलं नाही.

बोटीवर चढताना आजी आल्या आणि कडीवरची ती पिशवी माझ्या हातात ठेवली. संत्री होती. कावासाकीला येऊन मी पिशवी बाजूने फाडून ती काढली, दोन कुजली होती, बाकीची खाल्ली. पिशवी माझ्या दाराला आतून टांगलेली आहे. सकाळी कामाला जाताना आतून कुलूप काढते तेव्हा तिचे कान हाताला लागतात. गाठ कुणी सोडलेली नाही.